उंबरठ्यावरची फळी

मंगळवारी संध्याकाळी कामावरून घरी आले तर दाराला आडवी फळी. लालबागच्या आमच्या चाळीत मांजरं भरपूर, त्यामुळे कुणी फळी लावली तर त्यात नवल नाही... पण फळीच्या आत आमची नऊ महिन्यांची ओवी नाक लाल करून रडत होती.

सासूबाई म्हणाल्या, मांजर येतं. मी फळी ओलांडून ओवीला उचललं. त्या दिवशी भांडले नाही, एवढंच!

थोडं आधीचं सांगते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पेशंटचं रक्त घेते. दोन महिन्यांची रजा बाळंतपणाच्या आधीच संपली, म्हणून ओवी चार महिन्यांची असतानाच परत कामावर जावं लागलं. ती पालथी पडली, बसायला लागली, पहिला दात आला... सगळं मी पाहिलं ते डबा खाताना, आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, फोनवर पाठवलेल्या व्हिडिओत.

आणि कार्टी तरी काय वल्ली आहे! स्वतःचं बिस्किट प्रेमाने आपल्या तोंडात कोंबते आणि आपण चावायच्या आत काढून घेते. कुकरची शिट्टी झाली की बोट वर करते, जणू हिनेच ऑर्डर दिली होती. पापी घेतली की गाल पुसते. मी घरी असतानाही करते हो हे सगळं... पण पहिल्यांदा केलं तेव्हा मी नव्हते.

ती रांगायला लागल्याचा व्हिडिओ आला त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. घरी येऊन आईंना म्हणाले, "पहिलंवहिलं सगळं तुमच्या वाट्याला आणि मला नुसतं उरलंसुरलं! नका पाठवू मला व्हिडिओ." दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ बंद. मग बंद का केले म्हणूनही मला राग... माझं हे असंच आहे.

आता उरला होता उंबरठा. आमच्याकडे बाळाने पहिल्यांदा उंबरठा ओलांडला की तिथेच नारळ फोडतात आणि खोबरं-गूळ मजल्यावर वाटतात. निदान हे तरी माझ्या डोळ्यांसमोर व्हावं, एवढंच मला हवं होतं.

बुधवारी फळी. गुरुवारी फळी. शेजारच्या मालनकाकू जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, अगं, पोर दिवसभर फळी बडवत रडतं तुझं. समोरच्या खोलीतला तिच्याच वयाचा मुलगा गॅलरीभर रांगत होता.

शुक्रवारी माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सिरियल निवांत बघता याव्यात म्हणून पोरीला कोंडून ठेवता का, असं आईंना सरळ तोंडावर विचारलं. ती मागे पडली तर जबाबदार तुम्ही, हेही वर ऐकवलं. नवरा मध्ये बोलायला गेला, त्यालाही झापलं.

आईंनी आम्हाला वाढलं आणि स्वतः न जेवता आडव्या झाल्या. शनिवारी मी पाळणाघरांना फोन लावले, तेही त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात... लिहितानाही लाज वाटतेय.

रविवारी सकाळी आंघोळ करून आले तर फळी काढून भिंतीला टेकवलेली. आई म्हणाल्या, "बाहेर जाऊन बस." तोंड फुगवूनच मी गॅलरीत उंबरठ्यासमोर बसले.

ओवीने आधी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही हात उंबरठ्यावर ठेवले... एक गुडघा वर आला... दुसरा आला... आणि धप्पकन माझ्या मांडीवर येऊन आदळली! मी रडत रडत तिची पापी घेतली. तिने गाल पुसला.

आईंनी नारळ आणला. हळद-कुंकू आधीच लावून ठेवलं होतं. नारळ फुटल्याचा आवाज ऐकून मालनकाकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सुटली बाई एकदाची! मंगळवारीच अर्धी बाहेर आली होती. तुझ्या सासूने पाय धरून आत ओढली. म्हणाली, रविवारी सुनेला सुट्टी, तिला निवांत बघू दे, तोवर सांगू नको. नारळसुद्धा तेव्हाच आणून ठेवलाय."

कुठे तोंड लपवू असं झालं मला. पाच दिवस त्या माऊलीने नातीचं रडणं ऐकलं आणि वर माझंही ऐकून घेतलं. खरं सांगू? क्षणभर त्यांचा रागच आला, माझ्यासाठी पोरीला कशाला अडवायचं म्हणून... पण हट्ट कुणाचा होता? माझाच ना.

स्वयंपाकाच्या ओट्याशी आई खोबरं खवत होत्या. माफी मागायला गेले आणि गूळ चिरायला घेतला. जीव भरून आला की त्या मालवणीत बोलतात. खवता खवता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उंबरठ्याक फळी लावली गो. आता बाय चलूक लागतली... तेव्हा काय लावू?"

काही लावू नका, आई. एवढंच कसंबसं म्हणाले. चालू दे तिला, मी नसले तरी.

सोमवारपासून व्हिडिओ परत यायला लागले. डबा बाजूला सारून बघते, रडू अजूनही येतंच... ते काही थांबायचं नाही. पण काल पहिल्यांदा नीट पाहिलं. आईंच्या एका हातात फोन असतो आणि दुसरा हात कायम व्हिडिओच्या कडेला दिसतो, ओवीच्या पाठीमागे, ती पडलीच तर धरायला. इतके महिने तो हात माझ्यासमोर होता आणि मी फक्त मी काय चुकवलं तेच मोजत बसले.