हाताला लागणारा उजेड

मोटारसायकल सुरू केली की वाठोरे साहेब लगेच तिच्यावर बसत नसत. आधी हेडलाइट लावायचे, पुढं जाऊन काचेसमोर उजवा तळहात धरायचे आणि आरती घेताना धरावा तसा थोडा वेळ तिथंच ठेवायचे. भर दुपार असली तरी हेच. मग हात झटकून म्हणायचे, "लागला. उजेड हाताला लागला पायजे, मग निघावं माणसानं." दवाखान्याच्या ओट्यावर जनावरं घेऊन आलेली माणसं गालात हसायची. मीही हसायचो.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. मी कळमनुरीहून बदली होऊन सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका गावात, जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून आलो. वाठोरे साहेब तिथले पशुधन पर्यवेक्षक. एवढं लांबलचक नाव गावात कोण घेणार? सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे. माणूस उंच, सडपातळ, सदरा कायम पांढरा आणि कायम शेणाचा एखादा डाग असलेला. आसपासच्या वाड्यांवर जायचं म्हटलं की गोल हेडलाइटची ती जुनी मोटारसायकल निघायची. पुढं साहेब, मागं औषधांची पेटी मांडीवर घेऊन मी.

गाय अडली, म्हैस अडली की साहेबांचं खरं रूप दिसायचं. सदरा काढून खुंटीला, हात खांद्यापर्यंत आत, आणि डोळे चक्क मिटलेले. जनावराचा मालक घाबरून जवळ बॅटरी धरायचा, तर त्याला म्हणायचे, "माझ्या तोंडावर काहून मारून राहिला? गाईच्या पोटात कुठं लाइट असतो? तिथं हातच बघतो." आत आडवं झालेलं वासरू ते असं हलके सरळ करायचे, की गाईलाही पत्ता लागू नये. पुढं नोकरीत मी पदवीवाले पुष्कळ पाहिले. चांगले होते, पण तो हात पुन्हा दिसला नाही.

एका गोष्टीचं मात्र त्यांना वेड होतं. मोटारसायकलचा लाइट. "हिचा लाइट मंद हाय," हे वाक्य दिवसाआड ऐकायला मिळायचं. बल्ब बदलून झाले, वायरी बदलून झाल्या, मिस्त्रीकडून कॉइल नवी भरून झाली. त्या गाडीत इंजिन जोरात फिरलं की लाइट वाढायचा, म्हणून अंधार पडू लागला की साहेब दुसऱ्या गिअरमध्येच, रेस ओढत चालायचे. गाडी बोंबलत यायची आणि गाव म्हणायचं, डॉक्टर आला. विहारात संध्याकाळी वंदनेला जाताना बायकोचा, म्हणजे सुलोचना वहिनींचा, हात त्यांच्या हातात असायचा, त्यावरूनही बाया चेष्टा करायच्या. दर रविवारी घरात बकऱ्याची कलेजी शिजायची, एरवी शेवग्याचा पाला. मला वाटायचं, आवडत असेल.

उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. दिवेलागणीला आम्ही औंढ्याकडून परत येत होतो. पुढं रस्त्याच्या कडेला कडब्यानं भरलेली बैलगाडी उभी होती. मला ती लांबूनच दिसत होती. मला दिसते म्हणजे साहेबांना दिसणारच, म्हणून मी गप्प. मोटारसायकल सरळ जाऊन तिच्यात घुसली. कडबा होता म्हणून आम्ही वाचलो, पण हेडलाइट गाडीच्या लाकडावर आपटून फुटला. काच गेली, आतली चकचकीत वाटी चेपली, बल्ब लोंबत राहिला.

"मेलो असतो की साहेब," मी म्हणालो.

"लाइट मंद होता रे. हा लाइटच बदलायला पायजे." ते खाली बसून धुळीत काचा चाचपत होते. बोट कापलं तरी चाचपत राहिले. अजून चांगला संधिप्रकाश होता, आणि सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्या चपलेशेजारीच पडला होता.

दुसऱ्या दिवशीपासून आमची नव्या हेडलाइटसाठी वणवण सुरू झाली. औंढ्यात नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानदारानं नव्या पद्धतीचा चौकोनी दाखवला, काचेऐवजी प्लास्टिकचा. साहेबांनी तो हातात फिरवून परत ठेवला. मग हिंगोली गाठली. तिथं एका म्हाताऱ्या चाचांचं जुन्या गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी काउंटरवर तीन हेडलाइट मांडले. एक नकली, एक बरा, एक अस्सल जाड काचेचा. "लावून दाखवा," साहेब म्हणाले. चाचांनी पोत्यावरची बॅटरी ओढली, दोन वायरी जोडल्या आणि उजेड नीट कळावा म्हणून दुकानाचं शटर खाली घेतलं.

आत अंधार झाला. पहिला लाइट समोरच्या भिंतीवर पडला. भिंतीवरचं कॅलेंडर, खिळ्याला टांगलेल्या चेन, खाली टायरांची चळत, सगळं दिसलं. साहेब म्हणाले, "याच्याहून मोठा." दुसरा लावला. कॅलेंडरवरचे बारीक सण-वारसुद्धा मला वाचता आले. साहेब म्हणाले, "हाही मंदच हाय." तिसरा लावला तेव्हा माझेच डोळे दिपले. साहेब हात पुढं करून भिंतीकडं निघाले, थेट टायरांवर आदळले आणि टायरांसकट खाली आले.

मी त्यांना उठवलं. चाचांनी शटर वर केलं नाही, तसेच उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "साब, बत्ती बराबर है. तीनों बराबर है."

कडब्याची गाडी, दुसरा गिअर, डोळ्यांसाठी शिजणारी कलेजी, वहिनींचा हात, एका क्षणात सगळं समजलं, आणि समजलं नसतं तर बरं असंही वाटलं.

दुकानाबाहेर लिंबाखाली ते बसले. "नांदेडला दाखवलं, माधव. अंधार पडला की दिसणं बंद, हे सुरुवातीला. पुढं दिवसाही जाणार म्हणाला डॉक्टर. माझ्या बापाचं असंच झालं. इलाज न्हाई." मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "कुणाला बोलू नको. डोळे गेले म्हणल्यावर मला कोण गोठ्यात घेईल? हात शाबूत हायत रे माझे. फक्त रस्ता तेवढा दिसंना. गोठ्यापर्यंत पोचलो की मला काहीच तकलीफ न्हाई."

आणि उठून त्यांनी अस्सल, जाड काचेचा हेडलाइट घेतला. मला राहवलं नाही. "दिसतच नाही तर हा कशाला, साहेब?"

"मला दिसणार न्हाई," ते म्हणाले, "पण समोरच्याला मी तर दिसतो."

झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. मागं बसून रस्ता कसा सांगायचा ते मला वहिनींनी शिकवलं. डाव्या खांद्यावर बोट म्हणजे डावीकडं, उजव्यावर म्हणजे उजवीकडं, पाठीवर थाप म्हणजे ब्रेक. मी बदलून यायच्या आधी कित्येक वर्षं त्या तशाच मागं बसत आल्या होत्या, आणि गाव म्हणत होतं, बाई नवऱ्याला मोकळं सोडत नाही. "भाऊ, तुमच्याबी घरी लेकरं हायत, व्हय म्हणायच्या आधी इचार करा," एवढंच त्या म्हणाल्या. मला तेव्हा मोटारसायकल येत नव्हती. साहेब दुपारी धरणाजवळच्या मोकळ्या रानात मला शिकवायला लागले. पण संध्याकाळच्या कच्च्या रस्त्याचा धीर मला काही येईना, म्हणून पुढं तेच आणि मागं मी. घरी पोचेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असायचा.

पावसाळ्यात आई आजारी पडली म्हणून मी कळमनुरीला गेलो होतो. वहिनी माहेरी होत्या. दिवस मावळताना कालव्यापलीकडच्या वाडीवरून एक शेतकरी पळत आला. पहिलटकर म्हैस अडली होती. साहेब त्याला म्हणाले असते की मला दिसत नाही, तर त्यानं कुणाची तरी बैलगाडी आणली असती, उशिरा का होईना पोचले असते. साहेबांनी तळहात धरून लाइट बघितला, त्याला मागं बसवलं आणि निघाले.

कालव्याच्या वळणावर मोटारसायकल सरळ खाली गेली. शेतकऱ्याचा पाय मोडला. साहेबांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. ते त्याच्या कण्हण्याजवळ चिखलात बसून हाका मारत राहिले. माणसं आली, त्याला उचललं, आणि साहेबांना कुणीतरी हात धरून वाडीवर नेलं. तोवर म्हैस पोटातल्या रेडकासकट गेली होती. मी परत आलो तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर ते एकटे बसले होते. "हात घालून बघितला मी," म्हणाले. "अजून कोमट होती. वाट बघून बघून मेली रे."

लाइट मात्र फुटला नव्हता. जाड काच होती.

त्यांनी स्वतःच वर कळवलं. गोठ्यांचं काम सुटलं. हिंगोलीच्या कार्यालयात त्यांना एका खुर्चीत बसवलं, आणि पुढं तिथूनच ते निवृत्त झाले. मोटारसायकल त्यांनी मला दिली. "लाइट बदलू नको," एवढंच बजावलं.

हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा मी एकदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही डोळे पुरते गेले होते. चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या, कोणती गाय कोणत्या वाडीची ते त्यांना अजून पाठ होतं. दिवस कलला तसा मी उठलो. वहिनींच्या आधारानं ते अंगणात आले. मी गाडी सुरू केली, लाइटचं बटण दाबलं आणि बसलो. साहेब चाचपत पुढं गेले आणि काचेसमोर तळहात धरला. बराच वेळ धरला. मग हात काचेलाच टेकवला.

"माधव, बंद कर गाडी."

"काहून साहेब?"

"लाइट लागला न्हाई. काच थंड हाय."

मी उतरून पाहिलं. खरंच बल्ब गेला होता. आभाळात अजून उजेड होता, म्हणून मला कळलं नव्हतं. मी म्हणालो, "रस्ता ओळखीचा आहे साहेब, हळूहळू जातो."

त्यांनी हँडल धरलं. "मीबी असंच म्हणलो होतो त्या दिवशी. वळण ओळखीचं हाय म्हणलो." हँडल त्यांनी सोडलं नाही. "दिसत नसलं तर निघू नये रे. सांगावं, की मला दिसत न्हाई. एवढंच सांगायचं होतं मला, त्या माणसाला."

मी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. वहिनी आत गेल्या आणि त्यांनी माझ्यासाठी ताट मांडलं.