कधी वापरू नये

काका कुठल्याही टूलबद्दल लिहायला बसले की पहिला मथळा ठरलेला असायचा: 'कधी वापरू नये.' उपयोग त्यानंतर. त्यामुळे अंधेरीच्या आमच्या गेम बनवणाऱ्या ऑफिसात त्यांचं नाव नकोकाका पडलं. तोंडावरही आम्ही तेच म्हणायचो आणि ते खुशाल ओ द्यायचे.

आमच्याकडची बारीकसारीक कामं हल्ली एजंट करतो, म्हणजे सांगितलेलं काम समजून घेऊन स्वतःच टूल निवडणारा एआय. झाडं लावायला एक टूल, आवाज जोडायला दुसरं, फाइली साफ करायला तिसरं. कोणतं कधी घ्यायचं हे त्याला फक्त लिहिलेल्या वर्णनावरून कळतं, आणि ती वर्णनं लिहायचे काका. एजंटला ते लेकरू म्हणत. "माणसाला अर्धवट सांगितलं तर तो चहाला जाताना कुणाला तरी विचारतो. हे लेकरू कुणाला विचारणार गं?" आम्ही हसायचो. मी तर जरा जास्तच हसायचे.

इंग्रजीत लिहिण्याआधी ते प्रत्येक वर्णन पाठकोऱ्या कागदावर मराठीत लिहीत आणि जेवणाच्या सुट्टीत जोगेश्वरीला घरी फोन लावून काकींना वाचून दाखवत. काकींना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच त्यांची पसंती महत्त्वाची. त्यांचा प्रश्न आम्हाला पलीकडच्या टेबलावर ऐकू यायचा, "पण चुकला तर काय करूचा?" काका मुकाट्याने आणखी एक ओळ वाढवायचे.

आमच्या गेममध्ये कोकणातला मासळीबाजार होता. तिथल्या बाईला तात्पुरता आवाज हवा होता, तेव्हा काका काकींना रिक्षाने ऑफिसात घेऊन आले. नव्या साडीत माइकसमोर उभ्या राहून काकी कडाडल्या, "घेवा गो बाय, फडफडीत बांगडे!" आणि लगेच आवाज खाली आणून, "अहो, बरा झाला मां?" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका लाजून काचेबाहेर बघत राहिले.

पुढच्या वर्षी काकी गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. बाजारात नंतर एका नटीचा आवाज लागला आणि काकींचं रेकॉर्डिंग जुन्या आवाजांच्या फोल्डरमध्ये पडून राहिलं. रोज डबा खाऊन झाला की काका हेडफोन लावून ते ऐकत. "घरी कॉपी करून न्या ना," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "ऑफिसची वस्तू आहे, बाय." हा माणूस ऑफिसचं पेनसुद्धा घरी नेत नसे.

अशात एजंट हळू चालतो अशी ओरड सुरू झाली. तो प्रत्येक कामाआधी सगळी वर्णनं वाचतो, तेव्हा वर्णनं छोटी करा, असं ठरलं. काका सुट्टीवर होते, काम माझ्याकडे आलं. सफाईच्या टूलखाली त्यांनी लिहिलं होतं: 'जुन्या आवाजांवर चालवू नये. गेममध्ये लावलेलं नाही म्हणजे कुणाला नकोच आहे, असं समजू नये. आधी माणसाला विचारावं.' मला तो नेहमीचा पाल्हाळ वाटला. मी एकच ओळ ठेवली: 'न वापरलेल्या फाइली काढतो.' एका फोनचं काम होतं, तेही मी केलं नाही.

आठवड्याने कुणीतरी एजंटला गेमचा आकार कमी करायला सांगितलं. त्याने वाचलं तसंच केलं. जुन्या आवाजांची दुसरी प्रत आम्ही कुठेच ठेवलेली नव्हती.

दुपारी काकांनी हेडफोन लावले, काढले, पुन्हा लावले. मी समोरच होते. डब्याचं झाकण लावायला त्यांना फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, वर्णन कुणाचं? मी समोरच्या वहीत बघत राहिले. काका म्हणाले, "वर्णनं माझ्याकडे आहेत. जबाबदारी माझी." कोणती ओळ कुणी कधी काढली हे आमच्याकडे नोंदलेलं असतं, आणि ती नोंद त्यांनी सकाळीच पाहिली होती. मीटिंगनंतर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "जेवलीस का? जेवून घे." त्यांनी रागवायला हवं होतं. मला आजही वाटतं, त्यांनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढायला हवी होती.

संध्याकाळी त्यांनी ती तीन वाक्यं परत लिहिली. नंतर दुपारी ते नुसते बसून असत. तीन महिन्यांनी निवृत्त होऊन मालवणकडे गावी गेले. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले, पण "काका, मी चुकले" एवढं म्हणायला धीर झाला नाही. मे महिन्यात गावी जाऊन सांगेन, असं मनाशी ठरवलं होतं. फेब्रुवारीतच ते गेल्याचा निरोप आला.

त्यांची तीन वाक्यं तशीच आहेत. छोटी करायला मी कुणाला हात लावू देत नाही. काल सफाई करता करता एजंट थांबला. पडद्यावर आलं, 'हा आवाज गेममध्ये कुठेही लावलेला नाही. कुणाला हवा आहे का?' कुणाचा तरी जुना खोकला होता तो, रेकॉर्डिंगच्या आधीचा. मी लिहिलं, 'हो. ठेव.'

काकांचं लेकरू दर वेळी विचारतं. मी विचारलं नव्हतं.