दुपारी चारची चेटकीण

ऑक्टोबर लागला की आमच्या रिसॉर्टमध्ये रोज दुपारी चार वाजता एक भुताचा सिनेमा दाखवतात. एक तारखेपासून थेट एकतीसपर्यंत, म्हणजे हॅलोविनच्या दिवसापर्यंत. सगळे सिनेमे परदेशी, जुने, बरेचसे काळे-पांढरे. मी कुसगावच्या त्या रिसॉर्टमध्ये फ्रंट ऑफिसला होते. पण पडद्यापुढं उभं राहून चार वाक्यं बोलायची, लाईट घालवायचे आणि सिनेमा संपेपर्यंत मागं बसायचं, हे कामही माझ्याच गळ्यात पडलं. स्टाफमध्ये तीन भाषांत न अडखळता बोलणारी मी एकटी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. हे उगाच मिरवत नाही. पुढं जे झालं ते या ऐटीमुळंच झालं.

त्या सिनेमांची मला भीती कधी वाटली नाही. किळस वाटली. पहिल्या दिवशी एक माणूस शवपेटीतून उठला, तोंड दुधात भिजलेल्या पावासारखं. दोरीवर ओढलेलं वटवाघूळ फडफडत आलं. पण खरी किळस पडद्याच्या अलीकडं होती. पावसाळाभर ओलं राहिलेलं कार्पेट, त्याचा कुबट वास, त्यावर तळणाच्या तेलाचा वास. पडद्यावर कुणाचा गळा फाटायचा आणि समोरचा पाहुणा चिकनचं हाडूक चोखून बोटं खुर्चीच्या कापडाला पुसायचा. लहान पोरं टोमॅटो सॉस ओठांवरून ओघळवून एकमेकांना दाखवायची, आयाबाप त्याचे फोटो काढायचे. आणि वर्षभर 'जळमटं काढा, जळमटं काढा' म्हणून आमच्या अंगावर ओरडणारे मॅनेजर ऑक्टोबरात बाजारातून विकतची जळमटं आणून दारांना चिकटवायचे.

नवव्या दिवशीच्या सिनेमात एक म्हातारी होती. गावाबाहेर एकटी राहणारी. गावात मूल दगावतं, गाय आटते, आणि सगळे मशाली घेऊन तिच्या दारात येतात. सिनेमा संपल्यावर एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्या इकडे असतं का हो असं काही?"

मी 'नाही' म्हणून चहाकडं वळले असते तर हे लिहावं लागलं नसतं. पण पुण्यामुंबईची वीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "असतं ना. आमच्याकडं चेटकीण म्हणतात." आणि सुरू झाले. कुणाची नजर लागते, कुणाच्या हातचं खात नाहीत, बारशाला कुणाला बोलवत नाहीत, सगळं तास घेतल्यासारखं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. तेच आठवलं की अजून तोंड कडू होतं.

कारण मी जे सांगत होते ते माझ्या आईबद्दल होतं.

मी पहिलीत असताना शेजारच्या काकूंचं तान्हं मूल तापानं गेलं. त्याच्या आदल्या दुपारी आईनं त्याला मऊ भाताचे दोन घास भरवले होते. बस्स, एवढंच. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत आईला बारशाची बोलावणी बंद झाली. आईनंही दुसऱ्याची पोरं जेवत असली की तिकडं पाठ करून बसायची सवय लावून घेतली. आमच्याकडं नवं भात निघालं की पहिले तांदूळ घरोघर एकेक ताटली द्यायचे, ज्याचे त्यानं शिजवून खायचे. आईची ताटली सगळे हसून घ्यायचे. मी शाळेला निघाले की दिसायचं, काकूंच्या मागच्या दारी आमचे तांदूळ कोंबड्यांपुढं पडलेले. आईलाही माहीत होतं. तरी ती दरवर्षी पाखडून, निवडून ताटली द्यायची.

गेली तीन वर्षं कोंबड्यांपुढं तांदूळ दिसले नव्हते. काकू ते शिजवत होत्या का, ठाऊक नाही. विचारायची छाती झाली नाही. आई मात्र त्या तीन वर्षांत थोडी सरळ चालायला लागली होती.

सीझनला आई आणि काकू दोघी रिसॉर्टच्या किचनमध्ये लसूण सोलायला, भांड्यांना यायच्या. एका संध्याकाळी आम्ही कामशेतला उतरून जीपची वाट बघत होतो. काकू पुढं भाजी घ्यायला गेल्या होत्या. आई एकदम खुशीत म्हणाली, "तुजा सायेब लय चांगला हाय गं. मला एकतीस तारखेला निस्तं खुर्चीत बसायला सांगितलंय. केस मोकळं सोडून. माज्याकडून जुनं लुगडं बी मागून घेतलं, मी आजच दिलं धुऊन."

"कशाला बसायचं, विचारलंस का?"

"पावन्यांला फोटू काढायचं हायेत म्हनं. बसायचं काम आजवर दिलंय का कुनी मला? आता तू आडवी येऊ नको."

बसायचं ते चेटकीण म्हणून, हे मला लगेच कळलं. 'लोकल टच पाहिजे,' असं मॅनेजर दोन दिवस म्हणत होते, तो लोकल टच माझ्याच तोंडून गेला होता. वाडीतली पोरं फोनवर काय काय फिरवतात ते मला माहीत होतं. आईचा मोकळ्या केसांचा, खाली 'चेटकीण' लिहिलेला एक फोटो तिथं पोचला की पुन्हा कोंबड्या. आणि नव्याची ताटली तर एकतीसच्या त्याच आठवड्यात द्यायची होती.

आईला सांगायला माझी जीभ रेटेना. तो शब्द आमच्या घरात वीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. तीन भाषा येत होत्या, एकही कामाची नव्हती. शेवटी दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तिला हॉलमध्ये नेऊन मागच्या खुर्चीत बसवलं. मांडीवर लसणाचं ताट तसंच. त्या दिवशीचा सिनेमाही म्हातारीचाच होता. ऑक्टोबरातला असला हा तिसरा सिनेमा. माणसाला भिववायला यांना म्हातारी बाईच लागते. पडद्यावरच्या म्हातारीला ओढत नेऊन खांबाला बांधलं. पुढच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली.

आईनं हळूच विचारलं, "काय केलंतं तिनं?"

"काही नाही. एकटी राहायची."

"आन ही मान्सं हासत्यात का?"

तिनं ताटातली एक पाकळी घेतली, सोलली, परत ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला हिच्यावानी बसवनार व्हते व्हय?"

"हो."

"न्हाई बसायची मी. आन माज्या जागी दुसरी कुनी म्हातारी बी बसवायची न्हाई. सांग त्याला."

मी सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? ओके, ओके, टेन्शन नको घेऊस. कुणीच नाही बसणार." मला वाटलं, मिटलं. लुगडं परत मागायचं राहूनच गेलं.

एकतीसला चारचा सिनेमा संपवून काउंटरवर गेले, संध्याकाळी सातला परत हॉलमध्ये आले. पडद्याशेजारी खुर्ची, खुर्चीत कपड्याच्या दुकानातली प्लास्टिकची बाहुली. पांढरा विग, रुपयाएवढं कुंकू, दातांना काळा रंग. समोर सुपात लिंबं. अंगावर आईचं हिरवं लुगडं. त्याला राख फासली होती, पदरावर लाल रंग ओतला होता. मांडीवरचा पांढऱ्या दोऱ्याचा रफू मी सातवीत असताना घातलेला, वाकडा. एक पाहुणा बाहुलीच्या गळ्यात हात टाकून जीभ बाहेर काढून फोटो काढत होता. त्याच्या हातातली खरकटी डिश त्यानं तिच्या मांडीवर ठेवली होती, त्या रफूवर.

मी डिश उचलून त्याच्या हातात दिली. बाहुली आडवी केली आणि लुगडं सोडायला लागले. नऊ वारांचा गोळा त्यांनी कसाही गुंडाळला होता, वेळ लागला. बाहुली उघडी पडली, विग सरकला. मी लुगडं खांद्यावर घेतलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच.

मॅनेजर दारात धावत आले. "भारी! हे तुला सुचलं कसं? पुढच्या वर्षी ठेवूच."

"हे माझ्या आईचं लुगडं आहे, सर."

"हो, माहितीये. अजून आहेत का त्यांच्याकडे?"

मला तोंडातली थुंकी गिळावी लागली. म्हटलं, "उद्यापासून तुमचे सिनेमे तुम्हीच बघा," आणि किचनच्या दारानं बाहेर पडले. ती नोकरी तिथंच संपली. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

आईनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. मोरीपाशी काकू एकट्याच कढई घासत होत्या. त्यांनी माझ्या खांद्याकडं बघितलं.

"वैनीचं हाय न्हवं का ते?"

मी मान हलवली. त्यांनी हात धुतले, लुगड्याचं एक टोक ओढून लाल डाग बोटानं चोळला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कशापायी माखलंया हे?"

मी सांगितलं. तो शब्दही काकूंच्या तोंडावर पहिल्यांदाच उच्चारला. त्या खाली मोरीकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता या काहीतरी बोलतील. वीस वर्षांचं काहीतरी.

त्यांनी बादली सरकवली आणि नळ सोडला. "एवढी शिकलीस, आन आईचं एक लुगडं सांबाळता येईना व्हय गं तुला? हितं ठेव. वैनीला असलं दावू नको." मग साबण लावून त्यांनी ते लुगडं दोन्ही हातांनी घासायला घेतलं. राख निघाली. लाल रंग निघेना. तरी त्या घासत होत्या, तीनदा पाणी बदललं. मी शेजारी उभी राहून पाणी ओतत होते.

त्या आठवड्यात आईनं नव्याची ताटली काकूंकडं दिली. या वेळी मी त्यांच्या मागच्या दाराकडं बघायला गेले नाही.