मांडीवरचं कौल

पाटी वाचता वाचता माया मध्येच थांबली. पुढं काहीतरी घाण लिहिलंय, हे आक्काताईंना तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

"वाच की गं. थांबलीस कशापायी?"

माया एका रिसॉर्टवर पाहुण्यांना माहिती सांगायच्या कामावर होती. मराठी घेऊन एम. ए. झालेली मलकापूरची पोरगी. आक्काताई दर रविवारी तिथं यायच्या, कुंभारकाम दाखवायला. हायवे सोडून आत आलं की उसाच्या मधोमध हे रिसॉर्ट होतं. खोल्यांवर सगळीकडं स्लॅब, आणि स्लॅबवर सिमेंटात चिकटवलेली नळीची कौलं. त्या कौलांखाली ना लाकडाचा वासा होता ना रिप. पाऊस अडवायचं काम स्लॅब करायचा, कौलं नुसती फोटोत यायची. त्यांच्याकडं बघितलं की आक्काताईंना मेलेल्या माणसाच्या तोंडाला पावडर लावल्यासारखं वाटायचं.

पाटीवरचा वरचा मजकूर मायानंच लिहून दिला होता आणि तो तिनं मघाशी हौसेनं वाचून दाखवला होता. देवळात देवाला लावतात तो कौल, आणि ओसाड पडलेलं गाव पुन्हा वसावं म्हणून जुन्या काळी सरकार रयतेला अभयाचा कागद द्यायचं, तोही कौल. हा शब्द अरबीतून आला, त्याचा अर्थ दिलेलं वचन. छपरावरचं कौल मात्र वेगळ्या वाटेनं आलेलं असावं. कोणी कोणी ते 'कपाल' या जुन्या शब्दाशी जोडतात. कपाल म्हणजे कवटी, आणि खापराचा तुकडासुद्धा.

"कवटी व्हय?" आक्काताई म्हणाल्या होत्या. "बराबर हाय की. डोस्क्यावर कवटी, तसं घरावर कौल. कोणी काढलं म्हणायचं हे शोधून? शानं माणूस."

आता माया खाली लाल अक्षरांत वाढवलेल्या ओळीपाशी अडकली होती. शेवटी तिनं एका दमात वाचून टाकलं, "ही कौलं गावातल्या रूपवान स्त्रिया आपल्या मांडीवर घडवत. प्रत्येक कौलात ती गोलाई आजही जाणवते." आणि लगेच म्हणाली, "हे मी नाही लिहिलेलं, आक्का. सरांनी नंतर टाकलंय. आणि…"

"आनि काय?"

"पुढच्या रविवारी तुम्ही ते करून दाखवणार आहात, असं सर म्हणाले. महेंद्रदादानं कबूल केलंय."

महेंद्र म्हणजे आक्काताईंचा एकुलता एक मुलगा. आक्काताईंना नासलेलं दूध चुकून तोंडात जावं तसं झालं.

*

आक्काताई लग्न होऊन कुंभारवाड्यात आल्या तेव्हा गावची निम्मी घरं नळीच्या कौलांची होती. नवरा कोंडीबा चाकावर मातीची लांब नळी उभी करायचा, एका तोंडाला जरा निमुळती. नळी थोडी सुकली की उभी चिरायची, की दोन कौलं. एक उताणं, एक पालथं, असं छपरावर लावत गेलं की पाणी आपोआप वळचणीला यायचं. माती आणायची, चाळायची, लीद घालून तुडवायची, कौलं उन्हात फिरवायची, भट्टी रचायची, ही सगळी कामं आक्काताईंची. चाकाला मात्र हात लावायचा नाही. त्यांच्या घरात बाईनं चाकाला शिवायचं नाही, अशी रीत. का, हे त्यांनी एकदा सासऱ्यांना विचारलं होतं. सासरे म्हणाले होते, "आमच्या आईनंबी इचारलं न्हवतं."

तरी त्यांना ते काम आवडायचं. भट्टी उघडली की एकेका कौलावर बोटानं टिचकी मारायची. पक्कं भाजलेलं कौल खणकन बोलायचं. चीर गेलेलं भद्द वाजायचं. तसलं कौल कोंडीबा गिऱ्हाइकाला कधी देत नसे, तिथंच पायानं फोडायचा.

पुढं कारखान्यातली मंगळुरी कौलं आली, मग पत्रा आला, मग स्लॅब. कोंडीबा बेंदराच्या सणाचे मातीचे बैल आणि पणत्यांवर आला, आणि एके दिवशी चाकाशेजारीच छातीला हात लावून आडवा झाला. महेंद्र चाकावर कधी बसलाच नव्हता. तो साच्यातले गणपती करायचा. तेही बाहेरून यायला लागल्यावर टेम्पो चालवला, टेम्पो विकला, आणि दोन वर्षं कट्ट्यावर बसून मोबाईल बघितला.

रिसॉर्टचा मालक विश्वजीत, ज्याला सगळे सर म्हणायचे, भेटला तो तेव्हा. त्याला रिसॉर्टवर 'खरा कुंभार' पाहिजे होता. महेंद्रनं छातीवर हात मारून सांगितलं, "आमी पिढीजात." पहिल्याच रविवारी पाहुण्यांपुढं चाकावरचा मातीचा गोळा त्याच्या हातातून सुटला आणि एका बाईच्या पांढऱ्या बुटावर जाऊन पडला. त्यानंतर तो आईला घेऊन यायला लागला. आक्काताई हातानं बैल करायच्या, पोरं टाळ्या वाजवायची. ते त्यांना वाईट वाटत नव्हतं.

आता विश्वजीतला बैल पुरेना. त्याला कौल पाहिजे होतं.

*

महेंद्र रिसॉर्टच्या मागं, जनरेटरपाशी तंबाखू मळत बसला होता. आक्काताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मांडीवर कौल कोण करत हुतं रं?"

महेंद्र हसला. "पाटी वाचली व्हय? आगं, मोबाईलवर आलंय तसं. सगळीकडं आलंय."

"तुझ्या आज्जीनं केलं? का मी केलं?"

"तसं न्हाई आये…"

"माझ्या एका मांडीचं माप दुसरीला न्हाई. गावच्या धा बायांच्या मांडीवर केल्याली कौलं एकावर एक बसतील व्हय छपरावर? येडा हायस का तू?"

"लोकान्ला छपार घालायचं न्हाई आये! लोकान्ला बघायचं असतंय!"

"काय बघायचं असतंय?"

तंबाखू दाढंखाली सारून महेंद्र दुसरीकडं बघत म्हणाला, "मला चाक येत न्हाई. तुला चाकाला हात लावायचा न्हाई. मग काय दावायचं? सरांनी इचारलं, तवा मी बोलून गेलो, आमच्यात बाया मांडीवर करत्यात. लुगडं जरा गुडघ्याच्या वर घेतलंस तर काय मरतीस का? म्हातारी हायस तू. तुझ्याकडं कोण कशाला वाईट नजरंनं बघंल?"

हे त्यानं समजूत घातल्यासारखं म्हटलं. आक्काताईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं. आपल्या पोरानं आईच्या मांडीचा हिशेब करून बघितलाय, आणि म्हातारी आहे म्हणून चालतंय असं ठरवून टाकलंय. त्यांच्या अंगावर पाल पडल्यासारखा काटा आला.

"आनि मी न्हाई म्हटलं तर?"

"तर सर दुसरा कुंभार बघत्यात. मी पुन्हा कट्ट्यावर."

एवढं मात्र खरं होतं. आक्काताई फिरल्या.

*

पुढच्या रविवारी शहरातल्या विश्रामबागेतला एक ग्रुप आला होता. चाळिशी-पन्नाशीतली जोडपी, सगळ्यांच्या डोक्यावर भाड्यानं घेतलेले फेटे. विश्वजीतनं ओट्यावर जाजम टाकलं होतं, मागं झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. मऊ मळलेली माती पाटावर तयार होती. मायानं कौल शब्दाची गोष्ट सांगितली, देवाचा कौल, सरकारचा कौल, कवटी. मुद्दाम लाल ओळीच्या आधीच ती थांबली. मग विश्वजीतनं तिच्या हातातला माईक घेतला.

"आणि आता मंडळी, जे तुम्हाला कुठंच बघायला मिळणार नाही…"

कौलं कशी लावतात, उताणं कुठलं आणि पालथं कुठलं, हे तो दोन हातांनी दाखवायला लागला. मागून एक फेटेवाला ओरडला, "घरी कोण उताणं असतं ते विचारा आमच्या देशमानेंना!" पुरुष खदाखदा हसले. बायकाही हसल्या, एक सोडून. ती चुळबुळत मोबाईलमध्ये बघायला लागली.

"आक्का, या," विश्वजीत म्हणाला. "लाजू नका. कला आहे ही."

आक्काताई ओट्यावर बसल्या. वीसेक मोबाईल वर झाले. एक माणूस तर गुडघे टेकून अगदी खाली आला, लुगड्याच्या काठाच्या पातळीत मोबाईल धरून. त्याच्या मनगटाला गंध-अक्षता लागलेला दोरा होता, तोंडाला मटणाचा वास. आक्काताईंनी आयुष्यभर लीद तुडवली होती, पण इतकी घाण त्यांना लिदीची कधी वाटली नव्हती.

"आये, घे की वर," महेंद्र शेजारून हळूच म्हणाला. त्यानं आज नवी थ्री-फोर्थ पँट आणि पाहुण्यांसारखाच फेटा घातला होता.

आक्काताईंनी मातीचा मोठा गोळा उचलला. जाजमावर थापून त्याची जाड पोळी केली. मग लुगड्याला हात न लावता त्या महेंद्रकडं वळल्या.

"बस हितं."

"मी?"

"मांडीच पायजे न्हवं समद्यास्नी? ही घ्या. खानदानी मांडी हाय. घे पँट वर!"

मघाच्या फेटेवाल्यानं शिट्टी मारली आणि सगळा ग्रुप ओरडायला लागला, "घे वर! घे वर!" महेंद्रनं विश्वजीतकडं बघितलं. विश्वजीत हसत होता. महेंद्र बसला आणि त्यानं पँट वर सरकवली.

आक्काताईंनी ती थंडगार ओली पोळी त्याच्या केसाळ मांडीवर फाडकन मारली. दोन्ही हातांनी दाबली, पाणी लावून चोपली, आणि सगळ्यांकडं बघत म्हणाल्या, "बघा, जानवती का गोलाई? या की जवळ. हात लावून बघा. मगाशी लय पुढं आला हुता तुमी."

गुडघे टेकलेला माणूस दचकून मागं सरकला. त्यांनी कौल उचलायला घेतलं. मातीत केस अडकले होते. महेंद्र "आई गं!" म्हणून केकाटला, कौल मधूनच तुटलं आणि चिखलाचा लपका घसरत त्याच्या पोटरीवर आला.

"हे असं हुतंय मांडीवर," आक्काताई म्हणाल्या. "कौल न्हाई हुत. आमच्या घरात कोंडीबा कुंभार चाकावर करायचा. ह्याला ते येत न्हाई, म्हणून ह्यानं आईची मांडी इकायला काढली."

त्यांना वाटलं होतं, आता सगळे गप्प होतील. कोणीतरी मान खाली घालेल. निदान विश्वजीत चिडेल, चालते व्हा म्हणेल. त्याची त्यांनी तयारी ठेवली होती.

ग्रुपनं टाळ्या वाजवल्या. कोणाचं तरी हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं. "पुन्हा एकदा, आजी! व्हिडिओ हालला!" विश्वजीतनं ओट्यावर उडी मारून आक्काताईंच्या खांद्यावर हात टाकला. "एक नंबर, आक्का! काय टायमिंग आहे तुमचं! आता दर रविवारी हेच ठेवू. आई आणि मुलगा. ती शेवटची लाईन पण राहू दे, जबरदस्त आहे."

आक्काताईंनी तो हात खांद्यावरून उचलून बाजूला केला आणि पोराकडं बघितलं. तो चिखल निपटत होता. मांडी लाल झाली होती. त्या त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तो भडकला असता तरी चाललं असतं. चारचौघांत आईवर धावून आला असता तरी त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं असतं.

महेंद्रनं मान वर केली ती विश्वजीतकडं.

"सर, पुढच्या टायमाला थ्री-फोर्थच ठेवू, का धोतार नेसू? धोतार जरा जुनं वाटंल."

आक्काताई ओट्यावरून उतरल्या. नळावर मायानं त्यांच्या हातावर पाणी सोडलं. त्यांनी कोपरापर्यंत माती घासून काढली, चूळ भरली, पुन्हा भरली.

"मी पण सोडतेय हे काम, आक्का," माया म्हणाली.

"तू तुझं बघ, बाई. घाईत काय करू नगंस." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माझं झालं हितलं."

मागं ओट्यावर महेंद्रचा आवाज येत होता. बाया कशा मांडीवर कौलं करायच्या, हे तो आता माईकवरून सांगत होता. आक्काताई उसाच्या बाजूनं हायवेकडं चालू लागल्या. आतून कोणीतरी हाक मारली, पण ती विश्वजीतची होती की पोराची, हे त्यांनी वळून बघितलं नाही.