सर, या की

डॉक्युमेंटरीवाले सर कुणालाही "जरा इकडे बघा" असं कधी म्हणाले नाहीत. ते पुण्याला मानववंशशास्त्र शिकवायचे आणि श्रीरामपूरजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीचं रोजचं जगणं व्हिडिओवर उतरवायला वर्षानुवर्षं यायचे. आई नवी साडी नेसून चुलीपुढे बसली की सर कॅमेरा लावून नुसते थांबायचे. ती कंटाळून भांडी आपटायला लागली की मग यांचं शूटिंग सुरू.

एकदा शेळीने त्यांचा जेवणाचा डबा उलथवला. वडील ओरडले, "सर, भाकर चालली की वो!" सर कॅमेऱ्यावरचा डोळा काढीनात. "मी तिला हाकललं तर ते माझं शूटिंग झालं, वस्तीचं नाही." वडील हसून हसून वाकले. तेव्हापासून सर आमच्यातच जेवू लागले आणि वडील त्यांना भाऊ म्हणू लागले. "पर असला हट्टी भाऊ वैऱ्यालाबी नगं," हेही वर असायचंच.

मग वडील गेले. दफनाआधी उघड्या पेटीभोवती घरच्यांनी उभं राहून फोटो काढायचा, ही आमच्याकडची रीत. आम्ही उभे राहिलो. सर समोरच होते, फोटोवाल्याशेजारी आपल्या कॅमेऱ्यामागे शूटिंग करत. आईने हाक मारली, "सर, या की. तुमी काय परके हाय का?" सर हलले नाहीत. फोटो त्यांच्याविना निघाला आणि पेटी बंद झाली. आईला ते फार लागलं.

पुढल्या वर्षी सरांनी ती फिल्म चर्चच्या अंगणात सगळ्यांना दाखवली. हाक मारून झाल्यावर आई पडद्यावरून थेट आमच्याकडे बघत राहिली होती. ते संपता संपेना. "एवढं कापायचं तरी," मी म्हणाले. सरांचे डोळे वाहत होते. "कापलं असतं तर मी शहाणा दिसलो असतो. मी यायला हवं होतं, वहिनी." घरी आल्यावर आईने त्यांचं ताट वाढलं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. आम्हाला उशिरा कळलं, शेवटचं तोंडही बघता आलं नाही. मला ते अजून सहन होत नाही. त्यांचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही.

आईला वडिलांना बघावंसं वाटलं की ती मला मोबाईलवर सरांची फिल्म लावायला सांगते. पेटीजवळ सगळे उभे राहतात, पडद्यावरची आई मान वर करते, आणि शेजारी बसलेली आई पटकन मोबाईल पालथा घालते.

"बंद कर," म्हणते. "आता हाक मारून काय उपेग."