गोधडीतली डबलरोटी

आमच्या नागपुरात तेव्हा डबलरोटी म्हणजे आजाऱ्याचं खाणं. कुणाच्या हातात पुडा दिसला की शेजारी विचारत, "काहून, कोण पडलं?" सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आमच्याकडे आई पडली. टायफॉईड. ताप उतरला, पण तिनं अन्नाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. पेज नको, मुगाचं पाणी नको. डॉक्टरांनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं, "दूध-डबलरोटी तरी द्या. पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे." मी ते ऐकलं. आईनंही ऐकलं असणार.

तिनं डबलरोटीही नाकारली. "बेकरीत पायानं तुडवतात पीठ. मले नको." हे तिला कुणी सांगितलं देव जाणे, पण गल्लीतल्या निम्म्या बायकांचा तसाच समज होता.

बाबा कचेरीत हेडक्लार्क. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध पाटापुरता. प्यायचं पाणीसुद्धा हातात लागे. हा माणूस दुसऱ्या दिवशी मैदा घेऊन आला आणि म्हणाला, "घरीच करू." मला वाटलं, ऊन लागलं यांना. शेजारच्या काकूंचा विजेवरचा गोल ओव्हन मागून आणला, बेकरीवाल्याकडून कागदात बांधून खमीर आणलं आणि कुठल्याशा मासिकातली कृती समोर ठेवून, बाह्या सारून बसले. मी कॉलेजात होते, परीक्षा आटोपली होती, मदतीला गेले तर म्हणाले, "तू मधात येऊ नको."

बाबांच्या लेखी छापलेलं म्हणजे वरून आलेला हुकूम. कृतीत लिहिलं होतं, मळलेला गोळा उबदार कपड्यात गुंडाळून उबदार जागी ठेवावा. लिहिणारी बाई कुठल्या थंड गावची होती कोण जाणे. इथं मे महिना, दारं-खिडक्यांना लावलेल्या खसच्या ओल्या ताट्यांतूनही झळा येत होत्या, आणि बाबांनी पिठाचा गंज, म्हणजे ते उभं पातेलं, गोधडीत गुंडाळून गच्चीवर नेऊन ठेवला.

"बाबा, उन्हात?"

"उबदार लिहिलंय."

कपाळ माझं! खाली आणला तेव्हा पीठ गंजाबाहेर येऊन गोधडीला चिकटलं होतं आणि दारूसारखा वास सुटला होता. भाजल्यावर त्याची वीट झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तीच कृती, तीच गोधडी, तशीच वीट. मला भयंकर राग येत होता. तिकडे आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, डोळे रोज आणखी आत गेलेले, आणि इकडे हे गोधडी धुवून वाळत घालत होते.

गच्चीचा जिना आईच्या खोलीतून होता. तिसऱ्या खेपेला बाबा गंज घेऊन निघाले, तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला.

"कुठं चालले तुम्ही?"

कित्येक दिवसांत तिनं आपणहून काही विचारलं नव्हतं. बाबांनी सांगितलं.

"उन्हात? अहो, आंबते ना ते. या दिवसांत धिरड्याचं पीठ मी घंटाभर बाहेर ठेवत नाही. माठापाशी ठेवा. अन् ती गोधडी काढा आधी."

"पण कृतीत लिहिलंय की..."

"जिनं लिहिलं तिले आणा नागपुरात, मे महिन्यात." मग ती कूस बदलून वळली. "दाखवा इकडं." बोटानं दाबून पाहिलं. "घट्ट आहे. पाण्याचा हात लावा."

मग दुपारभर खाटेवरून चौकशी सुरू झाली. काय करून राहिले, फुगलं का, झाकण काढलं तर नाही? बाबा गंज घेऊन माठ ते खाट अशा चकरा मारत होते. मला वाटून गेलं, ही बाई आता जगते.

संध्याकाळी ओव्हनमधून निघालेली डबलरोटी वरून करपलेली आणि एका बाजूला कललेली होती. बाबांनी तोडलेला पहिला तुकडा मी वाटीतल्या दुधात बुडवून आईला दिला. ती बराच वेळ चावत राहिली. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि रिकामी वाटी पुढे केली. "अजून द्या थोडी."

हे ती मला म्हणाली नाही, बाबांना म्हणाली. ते आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, पण ते काही बाहेर येईनात, म्हणून मी गेले. ते एकेक डबा उघडून बघत होते.

"सुरी कुठं असते वं?" त्यांनी हळूच विचारलं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मी सुरी काढून देईपर्यंतही त्यांना दम निघाला नाही. त्यांनी हातानंच मोठा तुकडा तोडला आणि तसाच ओंजळीत धरून आईकडे गेले.