तात्यांनी नाकारलेला सिलिंडर

तात्या कुठलाही स्पेअर पार्ट हातात घेण्याआधी तो आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. इंदापुरात हायवेला त्यांचं ट्रकचे ब्रेक दुरुस्त करायचं गॅरेज होतं. नव्वदच्या दशकात माझा थोरला भाऊ, अण्णा, एक जुनी विलायती दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन रॅलीत उतरायचा आणि शेजारी नकाशा घेऊन मी बसायची. त्या गाडीचे पार्ट कुठे म्हणता कुठे मिळत नसत. म्हणून आम्ही बारामतीहून तात्यांकडे जायचो.

डब्यावरचं सील, छापील नाव यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. रबर असलं तर हुंगायचे, लोखंड असलं तर नखाने रंग खरवडायचे. "माझा बाप दात बघितल्याबिगर मेंढरू घेत नव्हता," म्हणायचे.

एकदा रॅली आठवड्यावर आली आणि पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळायला लागला. अण्णाने मुंबईच्या एका दलालाकडून सीलबंद नवा मिळवला. तात्यांनी डबा फोडला, रबर हुंगलं, नखाने रंग खरवडला. "ह्यो नवा न्हाय. जुनाच रंगवलाय. ठेवून जावा दोन दिस."

'ठेवून जावा' म्हटल्याबरोबर अण्णाच्या मनात पाल चुकचुकली. "बदलून दुसराच आपल्या गळ्यात मारतील," तो माझ्या कानात म्हणाला. तात्यांची पाठ वळताच मी केसातल्या पिनेने सिलिंडरच्या तळाशी बारीक फुली कोरली.

दोन दिवसांनी गेलो, तर त्यातलं रबर वाटीतल्या ब्रेक ऑइलमध्ये फुगून लिबलिबीत झालेलं. तात्यांनी सिलिंडर उलटा करून माझ्यासमोर धरला. "ताई, ही फुली तुमची का?"

माझी मान खाली गेली.

"लाजताय कशाला? ब्येस केलंत. ही शेजारची रेघ माझी. म्हटलं, उद्या तुमीच दुसरा आणून म्हणाल, तात्यानं बदलला."

मग आमचाच जुना सिलिंडर घेऊन ते बारामतीला लेथवर गेले आणि आत पितळी स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, बसवून घेतली. काम होईपर्यंत लेथवाल्याच्या शेजारून हलले नाहीत. मापाचं रबर एका टेम्पोच्या ब्रेक दुरुस्तीच्या किटमध्ये सापडलं, तेही दोन दिवस तेलात बुडवून पारखलं. चाचणीला त्यांच्या गावाच्या, निरवांगीच्या रस्त्यावर आम्हा दोघांना खाली उतरवलं. "आदी मी एकटा बसतो." अण्णा चिडला, पण उतरला.

रॅलीत घाट उतरताना एका वळणापलीकडे रस्त्यात भलामोठा दगड पडलेला. अण्णाने पाय दाबला. गाडी दगडापासून हातभर अलीकडे थांबली.

पेढे घेऊन गेलो, तर तात्या आधी गाडीखाली वाकून कुठे तेल गळतंय का ते बघत बसले. अण्णा हसला. "तात्या, तुमचा कुणावरच विश्वास नाही का हो?"

"तुमी भाऊ-बहीण बसताय हिच्यात. इश्वासानं गाडी थांबती व्हय?"

पुढच्या उन्हाळ्यात तात्या अचानक गेले. आम्ही निरवांगीला त्यांच्या घरी भेटून आलो. त्या आठवड्यात नव्या रॅलीचा फॉर्म अण्णाने माझ्यापुढे सहीसाठी ठेवला होता. मी पेन उघडलं, आणि त्याने फॉर्म परत ओढून घेतला.

"आता तपासून कोण देणार?" म्हणाला.